‘धग’मधील निवेदक : अवतरणचिन्हांच्या आत आणि बाहेर

बी. ए. द्वितीय वर्ष (मराठी वाङ्मय)

कादंबरीचे परीक्षण कसे लिहावे याचा एक ठरीव साचा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रथम कथानक, मग व्यक्तिचित्रण, मग वातावरणनिर्मिती, मग संवाद आणि अगदी शेवटी, वेळ उरलाच तर, भाषाशैली. कादंबरी ग्रामीण किंवा प्रादेशिक असली की या शेवटच्या मुद्द्याखाली एकच वाक्य लिहिले जाते : लेखकाने बोलीचा परिणामकारक वापर केल्यामुळे कृतीला अस्सलपणा लाभला आहे. परिणाम कोणता, तो कशाने साधला, हे कोणी विचारत नाही. भाजीवर सांभार भुरभुरावा तशी बोली कादंबरीवर भुरभुरलेली असते, असा काहीसा समज त्यामागे असावा.

प्रस्तुत लेखात मी हा क्रम उलटा करणार आहे. सुरुवात भाषेपासून करून तिच्या वाटेने कथानकाकडे आणि पात्रांकडे जाण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी मी उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी निवडली आहे. ती आपल्या वऱ्हाडातली आहे एवढेच त्याचे कारण नाही. कादंबरीचे तंत्र म्हणजे काय, हे तिच्या एकाच वैशिष्ट्यावरून स्वच्छ दाखवता येते, हे खरे कारण आहे.

१. तंत्र म्हणजे काय?

‘तंत्र’ हा शब्द ऐकला की काही तरी अवघड, बाहेरून आणलेले, पाश्चात्त्य समीक्षेतले प्रकरण डोळ्यांपुढे उभे राहते. वास्तविक पाहता तंत्र म्हणजे लेखकाने घेतलेले निर्णय. हकीकत एकच असते. ती कोणाच्या तोंडून सांगायची, कोठून सुरू करायची, काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे ठरवावे लागते. गावात एखादी घटना घडली की पारावर ती एका रीतीने सांगितली जाते, विहिरीवर दुसऱ्या रीतीने आणि पोलीस पाटलासमोर तिसऱ्याच. घटना बदललेली नसते. सांगणारा आणि ऐकणारा बदललेला असतो. कादंबरीचे तंत्र समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

यावरून कोणत्याही कादंबरीला विचारता येतील असे चार प्रश्न मी स्वतःपुरते तयार केले आहेत. पहिला, ही कथा कोण सांगतो? दुसरा, तो कोठे उभा राहून पाहतो : घरात, अंगणात की रस्त्यावर? तिसरा, तो कोणत्या भाषेत बोलतो आणि ज्यांच्याविषयी बोलतो त्यांची भाषा कोणती? चौथा, तो कोठे गप्प बसतो? पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा आपल्या वर्गात ‘निवेदनपद्धती’ या नावाने होते. प्रथमपुरुषी, तृतीयपुरुषी, सर्वसाक्षी हे शब्द आपण पाठही करतो. पण मराठीसारख्या भाषेत, जिथे लिहिण्याची बोली एक आणि घरोघरच्या बोली अनेक, तिथे तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो, असे मला वाटते.

२. कादंबरीचा परिचय

‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली. उद्धव शेळके यांचा जन्म हिंगणघाटचा. त्यांचे लेखकीय आयुष्य मात्र अमरावतीशी बांधलेले राहिले. १९९२ मध्ये ते निवर्तले. त्यांनी कथा-कादंबऱ्या विपुल लिहिल्या, तरी त्यांचे नाव निघते ते प्रथम ‘धग’साठीच.

कादंबरीची नायिका कौतिक. शिंपी कुटुंबातली, एका वऱ्हाडी खेड्यातली बाई. नवरा महादेव संसाराला खांदा देणारा नाही. भीमा आणि नामा ही मुले, एक मुलगी, आणि दारिद्र्य. मजुरी करून, उसनेपासने करून, कधी बोलून आणि पुष्कळदा न बोलता ती हे घर उभे ठेवू पाहते. नामाच्या शिक्षणावर तिची आस आहे. नवऱ्याचे आजारपण, मोठ्या मुलाचे हाताबाहेर जाणे, नातेवाइकांचे वागणे यांतून तिची झुंज चालू राहते. शेवट मी येथे सांगत नाही. ज्यांनी कादंबरी वाचली आहे त्यांना तो सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यापासून तो हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही.

शीर्षकाकडे मात्र लक्ष वेधायला हवे. ज्वाळा दिसते, धूर दिसतो. धग दिसत नाही. ती जवळ जाणाऱ्यालाच लागते. राखेखाली विस्तव असला म्हणजे दुरून सारे थंड भासते. लेखकाने पुस्तकाला ‘आग’ किंवा ‘वणवा’ असे नाव दिले असते तर ते दुःखाची जाहिरात करणारे झाले असते. ‘धग’ या दोन अक्षरांत कादंबरीचा विषयही आहे आणि ती सांगण्याची रीतही आहे. निवेदक आपल्याला दुःख दाखवत नाही. तो आपल्याला चुलीजवळ नेऊन बसवतो.

३. दोन भाषा

आता मुख्य मुद्द्याकडे येते. ‘धग’चे कोणतेही पान उघडावे. त्यावर दोन भाषा दिसतात. निवेदन प्रमाण मराठीत आहे; पात्रे बोलतात ती वऱ्हाडीत. कौतिकने तोंड उघडले की ‘मला’चे ‘मले’ होते, ‘कशाला’चे ‘कायले’ होते. तिचे बोलणे संपले, अवतरणचिन्ह मिटले की पुन्हा छापील पुस्तकाची मराठी सुरू होते. म्हणजे अवतरणचिन्ह ही या कादंबरीतली एक भिंत आहे. भिंतीच्या आत घर आहे, बाहेर पुस्तक आहे.

ही रचना इतकी सवयीची झाली आहे की ती आपल्याला दिसतच नाही. पण ती अपरिहार्य नव्हती. शेळक्यांना सगळ्या पात्रांना प्रमाण मराठीत बोलायला लावता आले असते. तशी पात्रे जुन्या कादंबऱ्यांत पुष्कळ आहेत, त्यांतले शेतकरीसुद्धा सदाशिव पेठेत राहिल्यासारखे बोलतात. सगळे निवेदनही वऱ्हाडीत करता आले असते. लेखकाने मधला मार्ग निवडला, आणि निवडला म्हणूनच त्याला तंत्र म्हणायचे.

या निवडीने काय साधले? माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट ही की निवेदकाचा आवाज आपोआप खाली आला. प्रमाण मराठीत लिहिताना करुण वर्णनाचा मोह फार असतो. अश्रू, नियती, दैव, काळोख हे शब्द हात जोडून उभेच असतात. ‘धग’चा निवेदक त्यांना फारसे जवळ करत नाही. काय घडले, कोण कोठे बसले, चुलीवर काय होते, हे तो सांगतो आणि बाजूला होतो. भावनेचा सगळा भार मग बोलण्यावर येऊन पडतो. आणि बोलणारे तर आपले लोक! ते भावनेविषयी कधीच बोलत नाहीत. ते ज्वारीविषयी, मजुरीविषयी, पावसाविषयी बोलतात. त्यामुळे दुःख दोन्ही भाषांच्या मधल्या फटीतून येते. निवेदक ते उच्चारत नाही, पात्रेही उच्चारत नाहीत, आणि वाचकाला तर ते लागतेच. शीर्षकातली धग ती हीच.

४. वऱ्हाडी काय काम करते?

बोली केवळ ‘वातावरण’ देते असे म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे, हे दाखवण्यासाठी वऱ्हाडीची काही वैशिष्ट्ये पाहू. उदाहरणे मी कादंबरीतली न देता आपल्या घरातली, गावातली घेते. ती तपासून पाहायला कोणालाही ग्रंथालयात जावे लागणार नाही.

पहिले वैशिष्ट्य संबोधनांचे. वऱ्हाडीत बोलताना वाक्याच्या टोकाला ‘गा’, ‘वं’, ‘बे’, ‘जी’ यांपैकी एखादे अक्षर लागते. ‘गा’ बरोबरीच्या पुरुषाला, ‘वं’ बाईला, ‘बे’ लंगोटीयाराला किंवा भांडणात, ‘जी’ मानाच्या माणसाला. ‘कुठी चालला गा?’ आणि ‘कुठी चालले जी?’ या दोन वाक्यांत दोन माणसांतले वय, पायरी, सलगी सगळे कळते. प्रमाण मराठीत हे सांगायला निवेदकाला एक वाक्य खर्चावे लागेल : ‘तो आदराने म्हणाला’, ‘तो सलगीने म्हणाला’. वऱ्हाडी संवाद लिहिणाऱ्याचे ते वाक्य वाचते. एखाद्याचे ‘जी’ गळून तिथे ‘बे’ आले की समजावे, नाते तुटले. कथानकातला केवढा तरी बदल एका अक्षराने होऊन जातो. व्यक्तिचित्रण आणि संवाद हे दोन मुद्दे आपण उत्तरपत्रिकेत वेगवेगळे लिहितो. येथे ते एकाच अक्षरात मिसळलेले आहेत.

दुसरे वैशिष्ट्य क्रियापदाचे. ‘ये’ आणि ‘येजो’ यांत फरक आहे. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे मागाहून ये, तुझ्या सवडीने ये, पण ये. ‘सांगजो’, ‘बसजो’, ‘खाजो’ ही रूपे आज्ञार्थी खरी, तरी त्यांत हुकूम नाही. त्यांत पाठीवर हात आहे. शिदोरी बांधून देणारी आई ‘खा’ म्हणत नाही, ‘खाजो’ म्हणते, कारण खाण्याच्या वेळी ती जवळ नसणार हे तिला माहीत असते. ‘खाजो’ची सगळी माया प्रमाण मराठीत आणायची तर वाक्य लांबवावे लागते, आणि लांबवले की माया कमी होते.

तिसरे वैशिष्ट्य काळाचे. ‘मी करत आहे’ याला वऱ्हाडी माणूस ‘मी करून राह्यलो’ म्हणतो. शब्दशः पाहिले तर यात ‘राहणे’ आहे, टिकून असणे आहे. ‘जगत आहे’ असे म्हटले तर ती केवळ क्रिया होते. ‘जगून राह्यलो’ म्हटले की त्यात चिवटपणा येतो. कौतिकसारख्या बाईचे सगळे आयुष्यच या ‘राह्यलो’ने सांगता येईल.

हे तिन्ही विशेष व्याकरणाचे आहेत, शब्दसंग्रहाचे नाहीत. म्हणून वऱ्हाडी संवाद लिहिणे म्हणजे चार गावठी शब्द पेरणे नव्हे. ज्याच्या कानात ही वाक्ये लहानपणापासून पडली आहेत त्यालाच ते जमते. शेळक्यांच्या संवादांना बेगडीपणा नाही याचे कारण हे आहे. ग्रिअर्सनने आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ साली, वऱ्हाडीची नोंद घेतली. पण ती नोंद नमुन्याची होती. ‘धग’मध्ये ही बोली नमुना म्हणून येत नाही, ती भांडते, हिशेब करते, पोरांना जेवू घालते.

५. एका श्रोत्याचे मत

दिवाळीच्या सुट्टीत मी अकोला जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले तेव्हा ग्रंथालयाची ‘धग’ सोबत नेली होती. आमच्या घरात कॉलेजपर्यंत गेलेली मी पहिलीच. माझ्या आईला वाचता येत नाही. तेव्हा कापूस वेचणी जोरात होती. ती दिवसभर शेतात असे. रात्री ती सुपात ज्वारी पाखडत बसली की मी तिला पाच-सहा पाने वाचून दाखवीत असे. हा प्रयोग म्हणून मी केला नव्हता, पण त्यातून मला या लेखाचा मुद्दा मिळाला म्हणून तो येथे नोंदवते.

संवाद आले की आई मध्येच बोलू लागे. ती कौतिकला उत्तरे देई, महादेवला शिव्या देई, एखाद्या बोलण्यावर ‘बराबर बोलली’ म्हणून मान हलवी. निवेदन आले की ती गप्प होई. कंटाळून नव्हे, तर आपण पाहुण्यांपुढे जशा गप्प होतो तशी. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री तिने सूप खाली ठेवून विचारले, “हे सारं कोन सांगून राह्यलं?” मी म्हटले, लेखक. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. तो कौतिकच्या घरचा का, शेजारचा का, असे तिने विचारले. तो कादंबरीत कोणीच नाही, असे मी सांगितल्यावर ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग तिने निकाल दिला : “मानूस आपल्याच इकडचा हाये, पन शिकेल दिसते.”

निवेदनपद्धतीवर मी जेवढे वाचले आहे त्यात ‘धग’च्या निवेदकाचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही. तो इकडचाच आहे, म्हणून त्याला घरातली भांडी ठाऊक आहेत, कोण कोणाला ‘वं’ म्हणते हे ठाऊक आहे, आणि तो आपल्या माणसांची भाषा कधी सुधारत नाही. पण तो शिकलेला आहे, म्हणून तो स्वतः तसा बोलत नाही. तो उंबरठ्यावर उभा आहे. त्याचे तोंड घराकडे आहे आणि शब्द बाहेरचे आहेत. लेखाच्या सुरुवातीला मांडलेल्या चार प्रश्नांपैकी पहिल्या तिन्हींचे उत्तर या एका वाक्यात आले आहे.

६. इतर निवेदकांशी तुलना

‘धग’च्या निवेदकाची जागा नीट कळण्यासाठी मराठीतील आणखी काही निवेदक शेजारी ठेवून पाहू.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली. तिच्यात यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. एका सोसणाऱ्या बाईच्या तोंडी सगळी कादंबरी देण्याचे हे तंत्र त्या काळात केवढे धाडसाचे! परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. यमू पुण्याच्या पांढरपेशा घरातली आहे. तिची घरची बोली आणि छापील पुस्तकाची भाषा यांत अंतर थोडे. म्हणून ती सरळ निवेदनात येऊ शकते. तिला अवतरणचिन्हांचा बुरखा घ्यावा लागत नाही. त्यानंतर सत्तर वर्षांनी आलेली कौतिक दुःखात यमूहून कमी नाही, बोलण्यात तर नाहीच नाही. पण तिला निवेदक होता आले नाही. तिच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी बोलावे लागले. हा दोष लेखकाचा म्हणता येणार नाही. कोणाच्या घरची भाषा पुस्तकाची झाली आणि कोणाची झाली नाही, याचा तो इतिहास आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) कथा सांगतो तो वाडीवर नव्याने आलेला तरुण मास्तर. तो बाहेरून येतो, धनगरांना हळूहळू ओळखतो, आणि त्याच्याबरोबर आपणही ओळखतो. न कळणाऱ्या वाचकासाठी हे तंत्र फार सोयीचे आहे, कारण मास्तरही आपल्याइतकाच अनभिज्ञ आहे. ‘धग’मध्ये असा वाटाड्या नाही. तिचा निवेदक कोणाला काही समजावून देत नाही. वाचकाला तो एकदम कौतिकच्या घरात नेऊन सोडतो. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला हे सुरुवातीला जड जात असेल. आपल्याला मात्र कधी नव्हे तो एक मान मिळतो : आपण पाहण्याचा विषय राहत नाही, ज्याच्यासाठी लिहिले तो वाचक होतो.

‘धग’नंतर तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर स्वतःची कथा स्वतः सांगतो, आणि सांगताना पुस्तकी मराठीची यथेच्छ टिंगल करतो. तो ‘शिकेल’ आहे, पण त्या शिकण्यावरच त्याचा विश्वास उरलेला नाही. पुढे १९७१ मध्ये आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ने अवतरणचिन्हांची भिंतच काढून टाकली. नारबा हा शेतावरचा गडी आपली आणि जनावरांची हकीकत कोल्हापूरकडच्या बोलीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सांगतो. ऐंशीच्या दशकात खामगावचे पुरुषोत्तम बोरकर यांनी ‘मेड इन इंडिया’त वऱ्हाडीला निवेदनाच्या आसनावर बसवले. करुणेसाठी नव्हे, उपहासासाठी! बोली म्हणजे गरिबीचे रडगाणे, ही समजूत त्या पुस्तकाने मोडली. बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’चा (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) नायक एकनाथ हा शेतकऱ्याचा उच्चशिक्षित, बेकार मुलगा आहे. कौतिकने ज्या शिक्षणावर आस ठेवली, ते शिक्षण घेऊन माणूस घरी परत आला आणि शेतीही हातची जाऊ लागली तर काय होते, हे जणू ‘बारोमास’ सांगते. दोन्ही कादंबऱ्या लागोपाठ वाचाव्यात अशी माझी सहाध्यायांना विनंती आहे.

७. भिंत : दोष की सामर्थ्य?

आता प्रश्न उरतो तो मूल्यमापनाचा. प्रमाण भाषेत निवेदन आणि बोलीत संवाद ही विभागणी हा ‘धग’चा दोष मानावा काय?

दोष मानणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. निवेदन म्हणजे अधिकार. कादंबरीत काय घडले, कोण कसा आहे, हे ठरवण्याचा हक्क निवेदकाच्या भाषेकडे असतो. पात्रांच्या भाषेला फक्त बोलण्याचा हक्क असतो. कौतिक बोलते तेव्हा ती तिची असते, पण ती गप्प असते तेव्हा तिच्याविषयी बोलतो तो निवेदकच. आणि कौतिक तर पुष्कळ वेळ गप्प आहे! तिचे मौन वऱ्हाडी आहे की प्रमाण, असा प्रश्न कोणी विचारला तर मला उत्तर देता येणार नाही. कचेरीत, दवाखान्यात, शाळेत हीच विभागणी आपण रोज पाहतो. आपण आपल्या भाषेत सांगतो, आणि आपल्याविषयी लिहिले जाते दुसऱ्या भाषेत.

तरीसुद्धा मी या भिंतीला सामर्थ्यच म्हणेन, आणि त्याची दोन कारणे देईन. पहिले कारण कलेचे. ही भिंत आहे म्हणूनच तिच्या आतले बोलणे इतके स्वच्छ ऐकू येते. सगळेच वऱ्हाडीत असते तर कानाला सवय झाली असती. येथे प्रत्येक संवाद शांत खोलीत बोलल्यासारखा उठून येतो. दुसरे कारण प्रामाणिकपणाचे. लेखक लिहायला शिकला तेव्हा त्याच्यात आणि कौतिकमध्ये अंतर पडले. हे अंतर त्याने लपवले नाही. मी कौतिकच आहे असे सोंग त्याने घेतले नाही, आणि मी कौतिकहून शहाणा आहे असेही सुचवले नाही. शिकलेल्या माणसाने घराकडे पाहण्याची ही एक नैतिक रीत आहे, आणि ती उपदेशातून नव्हे तर वाक्यरचनेतून आलेली आहे. तंत्र आणि आशय वेगळे काढता येत नाहीत असे आपण वर्गात ऐकतो. ते वाक्य मला या कादंबरीमुळे समजले.

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या अंगावरचा आहे. आपण वसतिगृहात आलो की पहिल्या महिन्यातच ‘मले’ सोडून ‘मला’ म्हणायला शिकतो. कोणी हसलेले असते. कोणी न हसताही आपल्याला कळते. सुट्टीत घरी गेलो की एस. टी. तून उतरता उतरता पुन्हा ‘मले’ सुरू होते. आपल्या बोलण्यातही अवतरणचिन्हे आहेत. फरक इतकाच की ती छापलेली नसतात. या दुहेरीपणाची मला पूर्वी लाज वाटे. ‘धग’ वाचल्यावर ध्यानात आले की ज्याला दोन भाषा येतात तोच उंबरठ्यावर उभा राहून दोन्हीकडचे पाहू शकतो, आणि वाङ्मयाला अशा माणसांची गरज असते.

आपल्या भागाला याची परंपरा नवी नाही. याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्या पंथातली एक हकीकत ‘स्मृतिस्थळा’त आलेली आहे. विद्वान केशिराजबास संस्कृताकडे वळले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृताने आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रंथ कोणाला कळला पाहिजे, हा प्रश्न येथे सातशे वर्षांपूर्वी विचारला गेला आणि त्याचे उत्तर म्हाताऱ्या बायांच्या बाजूने दिले गेले. आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. आणि ज्या विद्यापीठाची पदवी आपण घेणार आहोत त्याला ज्या गाडगेबाबांचे नाव आहे त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ते लोकांना प्रश्न विचारीत कीर्तन करीत, आणि ते वऱ्हाडीत करीत.

म्हणून शेवटी एवढेच म्हणावेसे वाटते. वऱ्हाडीतल्या कादंबरीवर उत्तर लिहिताना ‘बोलीचा परिणामकारक वापर’ या वाक्यापाशी आपण थांबू नये. कोण बोलते, कोण सांगते आणि कोणाला सांगण्याचा हक्क मिळालेला नाही, हे आपण विचारावे. हे प्रश्न विचारायला लागणारी अर्धी शिदोरी ग्रंथालयात आहे. उरलेली अर्धी आपण घरून येतानाच बांधून आणलेली असते. फक्त ती वर्गात सोडायला लाजू नये.